‘ला बेल’ 1:48 – सांगाडा उखडला, पुन्हा उभा केला

‘ला बेल’ या सतराव्या शतकातल्या फ्रेंच जहाजाचं लाकडी मॉडेल मी 1:48 स्केलला, म्हणजे मूळच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, बनवतोय. गेल्या नोंदीनंतर दीड महिना गेला आणि काम पुढे सरकण्याऐवजी मागे गेलं. सांगाडा उभा झाला म्हणून तोऱ्यात पहिली फळी लावायला घेतली, तर ती चौथ्या फासळीवर टेकेचना. पॉलिश पेपरने घासून बघितलं, खाली बारीक पाचर देऊन बघितलं. शेवटी आराखडा शेजारी ठेवून मोजलं तेव्हा उजेड पडला. नाळेकडची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडची, चौथी आणि पिछाडीकडची चौथी यांची अदलाबदल झाली होती. दिसायला अगदी जुळ्या बहिणी, फरक दीड मिलिमीटरचा. फेविकॉलचा जोड सैल व्हावा म्हणून दोघींना रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि सकाळी पातळ सुरीने सोडवलं. एक सुटली, दुसरी मोडली. ती नव्याने कापली.

गंमत म्हणजे हाच घोळ होऊ नये म्हणून 1684 साली फ्रान्समधल्या रोशफोरच्या जहाजबांधणाऱ्यांनी मूळ फासळ्यांवर खुणा कोरल्या होत्या. रोमन आकडा आणि त्याला जोडून अक्षर, नाळेकडच्यांना ‘ए’ आणि पिछाडीकडच्यांना ‘डी’. कारण ‘ला बेल’ हे मुळात किटच होतं! सुटे भाग दुसऱ्या जहाजात भरून अमेरिकेला न्यायचे आणि तिथे जोडायचे असा बेत होता. पण सामानाने जागा खाल्ली, म्हणून ते फ्रान्समध्येच बांधून पाण्यात सोडलं. आता माझ्याही फासळ्यांवर पेन्सिलीने तेच आकडे आणि तीच अक्षरं आहेत. अक्कल आली, पण एक फासळी मोडल्यावर.

मॉडेलला कोणतं लाकूड वापरतो, अशी विचारणा झाली होती. सागाचा नाद सोडला. या स्केलला सागाच्या रेषा म्हणजे फळीत ओहोळ वाहिल्यासारख्या दिसतात. एका ओळखीच्या सुताराकडे हेदूचे तुकडे मिळाले. पिवळसर, घट्ट, रेषा जवळपास दिसतच नाहीत. मूळ जहाज साधारण 54 फुटांचं, म्हणजे आपलं जेमतेम 34 सेंटीमीटर. पट्ट्या एक मिलिमीटर जाडीच्या. गरम पाण्यात भिजवून इस्त्रीच्या टोकावर वाकवतो आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरून ठेवतो.

ज्याच्यासाठी हे जहाज बांधलं, त्या फ्रेंच शोधप्रवाशाचं नाव रने-रोबेर काव्हलिये, सिअर द ला साल. 1643 साली फ्रान्समधल्या रुआं शहरात जन्म. तरुणपणी जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघात गेला, पण 1667 साली ते सोडून नव्या फ्रान्सला, म्हणजे आजच्या कॅनडाला गेला. नदीवाटेने चीनला पोचायचं वेड इतकं, की मॉन्ट्रियलजवळच्या त्याच्या जमिनीला लोक चिडवून ‘ला शीन’, म्हणजे चीनच, म्हणू लागले. ते नाव आजही आहे. पुढे मिसिसिपी नदीने खाली उतरत 9 एप्रिल 1682 रोजी तो तिच्या मुखाशी पोचला आणि सगळं खोरं फ्रान्सच्या राजाचं, चौदाव्या लुईचं म्हणून जाहीर करून त्याला ‘लुइझियाना’ नाव दिलं. खोऱ्यात राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, हे सांगायला नकोच.

जहाजांच्या बाबतीत मात्र याचा पायगुण भयंकर. 1679 साली बांधलेलं ‘ल ग्रिफॉं’ कातड्यांनी भरून परत पाठवलं आणि ते उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांत नाहीसं झालं. मग 1684 साली, आपल्याकडे संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, तो चार जहाजं आणि जवळपास 300 माणसं घेऊन मिसिसिपीच्या मुखाशी वसाहत करायला निघाला. ‘सें फ्रान्स्वा’ वाटेत स्पॅनिशांनी पकडलं. समुद्रात रेखांश मोजायची सोय त्या काळी नव्हती, त्यामुळे मिसिसिपीचं मुख चुकलं आणि ताफा शेकडो मैल पश्चिमेला, टेक्सासच्या माटागोर्डा उपसागरापाशी पोचला. तिथे शिरताना ‘एमाब्ल’ रुतून फुटलं. ‘जोली’ 1685 मध्ये फ्रान्सला परतलं. ला सालच्या माणसांनी तिथल्या कारांकावा लोकांच्या होड्या उचलल्या आणि कायमचं वैर ओढवून घेतलं.

उरलं आपलं ‘ला बेल’. 1686 च्या सुरुवातीला ला साल जमिनीवर नदी शोधत फिरत होता आणि जहाजावर प्यायचं पाणी संपत आलं होतं. काही जण तहानेने गेले. मग उत्तरेचं वादळ आलं आणि जहाज उपसागर ओलांडून पलीकडच्या वाळूत रुतलं. परतीची वाट तिथेच बंद झाली. पुढे बायसनच्या मांसावरून पेटलेल्या भांडणात आधी त्याच्या भाच्याला कुऱ्हाडीने मारलं आणि मग 19 मार्च 1687 रोजी दबा धरून खुद्द ला सालला गोळी घातली. मारणारे त्याचेच लोक. जिद्द अफाट, पण माणसं सांभाळता आली नाहीत, असं माझं मत झालंय.

1995 साली टेक्सासच्या पुरातत्त्वज्ञांना जहाज सापडलं ते 12 फूट पाण्याखाली, गाळात. सभोवती पोलादी भिंत उभारून आतलं पाणी उपसलं आणि जणू विहीर कोरडी करावी तसं खणलं. दहा लाखांहून जास्त वस्तू निघाल्या, त्यात काचेचे मणी सर्वात जास्त. कुऱ्हाडीची पाती, छोट्या घंटा, पितळी अंगठ्या आणि काशाच्या तोफाही होत्या. लाकडं रसायनात मुरवून फ्रीझ-ड्राय केली, म्हणजे गोठवून सुकवली, आणि सांगाडा ऑस्टिनच्या संग्रहालयात पुन्हा जोडला.

नाळेत, नांगराच्या दोराच्या वेटोळ्यावर, एका खलाशाचा सांगाडा मिळाला. म्हणून माझ्या मॉडेलची नाळ वरून उघडी ठेवतोय. वेटोळं तीनदा वळलं. पहिलं फारच नीटनेटकं झालं, दुकानात मांडल्यासारखं. तिसरं जरा ढिलं, मधे खळगा पडलेलं. या स्केलला माणूस साडेतीन सेंटीमीटरचा होतो आणि तेवढा तो खळगा आहे. माणूस ठेवणार नाही.

अडचण रंगाची आहे. दोरा चहाच्या पाण्यात उकळला तर फार तांबूस झाला, ओल्या जुन्या दोरखंडासारखा काळपट हवाय. हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकून कुणी रंगवलंय का? दोरा त्याने पुढे कुजतो की टिकतो, एवढं सांगा. तोवर उजव्या बाजूच्या फळ्या घेतो.