हॉर्न लॅपटॉपमधून आले

रविवार, सकाळ

काल रात्री आमच्या नेहमीच्या फंक बँडच्या कार्यक्रमात ट्रंपेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, तिन्ही वाजले आणि वाजवणारा एकही स्टेजवर नव्हता. ड्रमच्या शेजारी उंच स्टुलावर लॅपटॉप होता, त्याला टेकून पाण्याची बाटली. हॉर्न, म्हणजे ही तिन्ही फुंकायची वाद्यं, तिथून येत होते. छान वाजले, एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. तरी घरी आल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये.

दादाला म्हटलं, तर तो म्हणाला, "अगं, उलट काल आवाज केवढा साफ होता!" होता साफ, नाही कशाला म्हणू. पुढे बोलणं वाढवलं नाही. त्याचं सध्या वेगळंच चाललंय, ते आज इथे नको.

मग मला टोचतंय ते काय? फसवल्यासारखं वाटलं का? नाही. लॅपटॉप सगळ्यांसमोर होता, कुणी काही लपवलं नव्हतं. त्या तिघांची आठवण आली का? आली. त्या जागेचं स्टेज म्हणजे भिंतीलगतचा वीतभर उंच चौथरा. ट्रॉम्बोनवाला नळी पुरती लांबवायचा तेव्हा पुढच्या टेबलावरची माणसं आपापले ग्लास मागे घ्यायची. ट्रंपेटवाला दोन गाण्यांच्या मध्ये कळ दाबून नळीत साठलेलं पाणी टॉवेलवर काढायचा. आणि फुंकायच्या आधी तिघं एकदम श्वास घ्यायचे, तो पुढे उभं राहिलं की ऐकू यायचा. काल तो नव्हता. पण एवढंच असतं तर मला झोप लागली असती.

फंक म्हणजे ठेक्यावर चालणारं, नाचायला लावणारं संगीत. त्यात हॉर्न लांबलचक धून फारशी वाजवत नाहीत. ते ड्रमच्या जातीचे होतात. दोन-तीन सुरांचे ठोसे, बेस आणि गिटारच्या मधल्या फटीत नेमके बसवलेले. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनने साठच्या दशकात आपल्या बँडकडून एकच गोष्ट घोटून घेतली, पहिल्या मात्रेवर वजन. 'द वन' म्हणतात त्याला. समेवर येण्याचं सुख ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या बँडात सॅक्सोफोनवर मेसिओ पार्कर, ट्रॉम्बोनवर फ्रेड वेस्ली यांच्यासारखे एकेक तयारीचे वाजवणारे, पण नजर कायम त्याच्या हाताकडे. मधला भाग कधी घ्यायचा, गाणं किती चालवायचं, सगळं त्याच्या खुणेवर. कुणी चुकलं तर दंडही खुणेनेच.

इथेच काहीतरी आहे. काल ड्रमरच्या कानात इअरफोन होते आणि लॅपटॉप त्याला क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, देत होता. तिसऱ्या गाण्यात बेसवाल्याने अंगठ्याने तार ठोकायला सुरुवात केली. खुर्च्या सरकल्या, बारपाशी उभी असलेली मुलंही पुढे आली, खोली एकदम जागी झाली आणि गाणं संपलं. लॅपटॉपमधला आधीच भरून ठेवलेला ट्रॅक जिथे संपत होता तिथे. पूर्वी अशा वेळी गाणारी नुसती मूठ वर करायची. हॉर्न एक ठोसा द्यायचे की पुन्हा तोच भाग, पुन्हा, परत एकदा, सगळे घामाने निथळेपर्यंत. आम्हाला बघून गाणं लांबायचं. कालच्या गाण्याला आम्ही नसतो तरी चाललं असतं.

हे लिहिलं आणि रडू आलं. आठवडाभर ऑफिसात माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. घरी तर... जाऊ दे. त्या एका खोलीत मी उभी आहे म्हणून काहीतरी वेगळं घडतं, असं वाटायचं. तेवढंच होतं माझं.

दुपार

सकाळचं पुन्हा वाचलं. सगळं खरं आहे, पण निम्मंच आहे.

हे मुंबईत एकदा होऊन गेलंय. गोव्यात चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली मुलं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायला यायची. चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, ताजमहाल हॉटेलात ट्रंपेट वाजवायचा. मग तीच मंडळी हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाऊ लागली. पुढे सिंथेसायझर, म्हणजे एकट्याने कितीतरी वाद्यांचे आवाज काढणारे कीबोर्ड, आले आणि स्टुडिओतल्या खुर्च्या कमी होत गेल्या. तेव्हाही कुणीतरी आनंदाने म्हणालं असेल, आवाज किती साफ झालाय.

आणि पैसे कुठून आणायचे? दारावर जमतं त्यातून साउंडवाल्याचे आणि गाडीभाड्याचे गेले की उरेल ते सात जणांत वाटायचं. मुंबईत ब्लू फ्रॉगसारखी मोठ्या स्टेजची जागा २०१६ मध्ये बंद झाली. छोट्या जागेत बँडही छोटा होत जाणार. ट्रंपेटवाला सध्या वरातीत वाजवतो म्हणे. एका वरातीचं जे मिळतं ते इथे महिनाभरात मिळत नसेल. त्याला दोष कसा देऊ? विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला प्रभात बँड, दरबार बँड पुढून जातात तेव्हा छातीत जे हलतं, ते वाजवणाऱ्यांची चूल पेटती राहायला हवी. चौघं अजून एकत्र वाजवतायत, नवीन गाणी बसवतायत, हेही थोडं नाही.

शिवाय कालचं शेवटचं गाणं. ते त्यांनी लॅपटॉपशिवाय घेतलं. हॉर्नच्या जागा गिटारवाल्याने तारा दाबून तुटक-तुटक भरल्या. आवाज विरळ होता, एक-दोन ठिकाणी कच्चा. पण गाणारीने मूठ वर केली आणि ड्रमरने इअरफोन काढून मान वर केली. ते गाणं लांबलं. चांगलं लांबलं. म्हणजे माझं दुखणं हॉर्नचं नव्हतंच. ट्रॅक वाट बघत नाही, हे ते दुखणं.

गाणारीला मेसेज केला. हॉर्न नसले तरी चालतील, पण थोडी गाणी बिनट्रॅकची ठेवा, काल तिसऱ्याला आम्ही सगळे अजून वाजवा म्हणत होतो.

तासाभराने उत्तर आलं. "ताई, ट्रॅक बंद केला की मालक म्हणतात, आवाज रिकामा वाटतो. पण दोन गाणी ठेवू. कुठली, ते तुम्हीच सांगा."

तिसरं तर नक्कीच. दुसरं कुठलं ते अजून ठरत नाहीये.