लेझरचं मशीन आहे, मग प्रशिक्षण कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. उदगीर असो, परभणी असो, नांदेड असो. पशुवैद्यकांत लेझर थेरपीचा, म्हणजे जखमेवर किंवा सुजेवर लेझरचा प्रकाश फिरवून करायच्या उपचाराचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. मशीनच्या पडद्यावर ‘कुत्रा’, ‘घोडा’, ‘जखम’, ‘सांधा’ अशी बटणं असतात, विकणारा तासाभरात चालवून दाखवतो. मग दोन दिवस खोड्यापाशी, म्हणजे जनावर अडकवून ठेवायच्या चौकटीपाशी उभं राहून शिकण्यासारखं त्यात आहे काय?

आहे, कारण जनावराला डोस पोचतो तो हातातून. मशीन ठरावीक वॅटचा प्रकाश सोडतं, एवढंच. तो किती जागेवर, किती वेगानं आणि कसल्या कातडीवर पडला, हे मशीनला कळत नाही. बटणामागे कुणीतरी गृहीत धरलेलं क्षेत्रफळ असतं, आणि ते तुमच्यासमोरच्या देवणी बैलाच्या खांद्याचं नसतं. डोस कमी पडला तर काहीच होत नाही. फार झाला तर भरत आलेली जखम मंदावते. दोन्हींच्या मधला पट्टा गाठायला शिकणं, हेच प्रशिक्षण.

म्हणून पहिला अर्धा दिवस मशीन बंद ठेवूनच जावा. वही, मोजपट्टी आणि खडू पुरे. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल, सगळा हिशोब एवढ्यावर उभा आहे. वरवरच्या जखमेला दर चौरस सेंटीमीटरला साधारण २ ते ४ ज्यूल लागतात. खोलवरच्या स्नायूला, सांध्याला ८ ते १० किंवा त्याहून जास्त. आता जुवानं आलेली खांदेसूज घ्या. खडूनं कड आखून मोजली तर २० गुणिले २५, म्हणजे ५०० चौरस सेंटीमीटर सहज भरते. ८ ज्यूलच्या हिशोबानं ४००० ज्यूल झाले. मशीन ८ वॅटवर असेल तर ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद. हातात अर्ध्या वॅटचं यंत्र असेल तर हेच काम ८००० सेकंदांचं, सव्वादोन तासांना थोडंसं कमी. एवढा वेळ बैल उभा राहणार नाही आणि मालकही नाही. लहान यंत्र वाईट नाही. ते सडावरच्या भेगेसाठी आहे, कुत्र्याच्या पंजासाठी आहे, बैलाच्या खांद्यासाठी नाही. हे मशीन विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

जखमेचं क्षेत्रफळ मोजताना जखमच मोजायची चूक सगळे करतात. ५ बाय ६ सेंटीमीटरची जखम असली तरी भोवतालची दोन-दोन सेंटीमीटर निरोगी कातडी धरायची, कारण नवी कातडी तिथूनच सरकत येते. मग ९ बाय १०, म्हणजे ९० चौरस सेंटीमीटर. ३ ज्यूलनं २७०. दोन वॅटवर सव्वादोन मिनिटं.

आणखी एक सापळा पल्स मोडचा, म्हणजे थांबून थांबून प्रकाश सोडण्याचा आहे. पडद्यावर १० वॅट दिसतात, पण प्रकाश बऱ्याचदा निम्मा वेळच चालू असतो. हिशोबाला ५ वॅटच धरायचे. हे विसरलं की प्रत्येक जनावराला निम्माच डोस जातो आणि महिनाभरानं आपणच म्हणतो, लेझरनं काही होत नाही.

दुपारी हाताचा सराव. मशीन बंद ठेवून, किंवा फक्त लाल खुणेचा प्रकाश लावून, भिंतीवर टांगलेल्या गोणपाटावर आखलेल्या चौकोनात हँडपीस, म्हणजे प्रकाश सोडणारा हातातला दांडा फिरवायचा. वेग सेकंदाला ३ ते ५ सेंटीमीटर, तोंड कातडीला काटकोनात, आधी आडव्या रेघा, मग उभ्या. शेजाऱ्यानं सेकंद मोजायचे. हमखास दोन गोष्टी दिसतात. वळणावर हात थबकतो, आणि बोलायला लागलं की हात एकाच जागी घुटमळतो. गोणपाटाला त्याचं काही नाही. मोठ्या मशीनखाली तीच जागा भाजते. दुसरा हात नेहमी कातडीवर, हँडपीसच्या मागोमाग ठेवायचा. कोमट लागलं तर ठीक, गरम लागलं तर वेग वाढवा किंवा वॅट उतरवा. कातडी थरथरवणं, अंग चोरणं, मागचा पाय उचलणं, या खुणा वाचायला दुसरा दिवस जनावरांसोबत काढावाच लागतो.

मराठवाड्यात सगळ्यात जास्त वेळ रंगावर द्यायला हवा. काळी कातडी आणि काळे केस प्रकाश वरच्या वरच पितात. आत कमी पोचतो, वर चटका जास्त. आपली उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी, मराठवाडी म्हैस काळी. देवणीत तर एकाच जनावरावर दोन रंग: पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा वानेरा, काळ्या ठिपक्यांचा शेवेरा. पांढऱ्यावरून ठिपक्यावर आलात की तोच हात, तोच वॅट चटका देऊ शकतो. गडद कातडीवर वॅट निम्मे करायचे आणि वेळ दुप्पट. आधी हिशोब केलेल्या खांद्याला मग ४ वॅटवर १६ मिनिटं ४० सेकंद लागतील. केस बारीक भादरून घ्यायचेच; दाट केस राहिले तर बहुतांश प्रकाश त्यांतच संपतो. मे महिन्यात उन्हातून आणलेलं काळं जनावर आधी अर्धा तास सावलीत उभं करा. तापलेल्या कातडीला सहन करायला जागाच उरलेली नसते.

भादरल्यावर धुणं. पोळ्याच्या खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला आपण तूप-हळद चोळतो, आणि ती माया लोक एरवीही खांदा आल्यावर करतात. मालकाला त्याबद्दल बोलू नका, फक्त कोमट पाण्यानं आणि साबणानं सगळं काढून घ्या. तेलकट थर, हळद, राख, जखमेवरचं तपकिरी आयोडीन हे सगळं प्रकाश अडवतं. स्पिरिट लावलं असेल तर ते पूर्ण उडू द्या. मोठ्या शक्तीच्या लेझरखाली ओलं स्पिरिट आणि कापूस पेट घेऊ शकतात. जखमेत अळ्या असतील, सडका भाग असेल, तर आधी ते काम. लेझर ड्रेसिंगची जागा घेत नाही. उघड्या जखमेवर हँडपीस टेकवायचा नाही, एक-दोन सेंटीमीटर वरून फिरवायचा. खोल स्नायूवर मात्र टेकवण्याचं तोंड लावून हलकं दाबत न्यायचं. दाबानं रक्त बाजूला सरतं आणि प्रकाश आणखी आत जातो. एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाताना हँडपीसचं तोंड पुसायचं. लम्पीच्या साथीनंतर हे वेगळं सांगायला नको.

डोळ्यांच्या बाबतीत मला सूट देता येत नाही. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर चौथ्या वर्गात मोडतो आणि त्याचा उपचाराचा किरण बहुधा अवरक्त असतो, म्हणजे दिसतच नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. गॉगल काळा असून उपयोग नाही. त्याच्या काडीवर किंवा काचेवर तरंगलांबीचा आकडा छापलेला असतो, तो मशीनच्या आकड्याशी जुळला पाहिजे. ६५० नॅनोमीटरचा गॉगल ८१० किंवा ९८० ला चालत नाही. उन्हाचा चष्मा तर नाहीच. गावात खोड्याभोवती दहा माणसं आणि चार पोरं जमतात. गॉगल चार असतील तर चारच माणसं आत, बाकीचे भिंतीपलीकडे. बैलाच्या डोळ्यांवर जाड फडक्याची घडी बांधा. गळ्यातली घंटा, शिंगांच्या पितळी शेंब्या, स्टीलचा ट्रे, मनगटातलं घड्याळ, खोड्याचे चकचकीत पाइप, हे सगळे आरसे आहेत. काढता येईल ते काढा, बाकीच्यावर गोणपाट टाका.

कुठे लावायचा नाही, हे पाठ असावं. गाठीवर नाही, आणि गाठ कसली हे ठाऊक नसेल तरीही नाही. म्हाताऱ्या बैलाचं शिंग मुळाशी सुजलंय, तो डोकं झटकतोय, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतंय, तर आधी शिंगाच्या कॅन्सरचा विचार करा. गाभण जनावराच्या पोटावर नाही, वाहत्या रक्तावर नाही, डोळ्यावर नाही, वृषणांवर नाही, वाढत्या वासराच्या हाडांच्या टोकांवर नाही. आणि टणटणी, म्हणजे घाणेरी, खाल्लेलं जनावर. त्याच्या पांढऱ्या भागावरची कातडी उन्हानं सोलते आणि ती जखम लेझरसाठी अगदी योग्य वाटते. पण त्याच्या रक्तात प्रकाशानं चेतणारं द्रव्य फिरत असतं. त्याला अंधार द्या, यकृताचा उपचार करा, लेझर लांब ठेवा.

हे सगळं खरंच काम करतं का, हा प्रश्न त्याच दमात विचारला जातो. बुडापेस्टमध्ये डॉक्टर एन्द्रे मेस्टर यांनी १९६७ मध्ये उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर कमी शक्तीचा लेझर टाकला तेव्हा केस लवकर उगवले. तिथून हे शास्त्र सुरू झालं. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियामधलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइम हा प्रकाश शोषतं, हे त्याचं आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण. पुरावा मात्र सगळीकडे सारखा नाही. मणक्याच्या चकतीच्या शस्त्रक्रियेनंतर लेझर दिलेली कुत्री लवकर चालू लागली, असं २०१२ च्या एका अभ्यासात आढळलं. २०१७ च्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही. दगडीत, म्हणजे कासेच्या सुजेत, लेझरच्या भरवशावर प्रतिजैविक थांबवू नका. लंगडणाऱ्या बैलाचा खूर न पाहता खांद्यावर लेझर धरू नका.

ताज्या दुखापतीला पहिला आठवडा रोज किंवा एका दिवसाआड, जुनाट दुखण्याला आठवड्यातून दोन-तीनदा, तीन आठवडे. दोन बैठकांनंतर मालक फिरकला नाही तर उपचार झालाच नाही, असं समजा. म्हणून खेपांची संख्या आणि खर्च पहिल्याच दिवशी सांगा. प्रत्येक वेळी वहीत जागा, चौरस सेंटीमीटर, वॅट, एकूण ज्यूल लिहा आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. मध्येच वीज गेली तर पडद्यावरचा आकडा पुसला जातो, त्यामुळे दर मिनिटाला गेलेले ज्यूल सोबत्यानं मोठ्यानं वाचावेत. वीज आली की उरलेलेच द्यायचे. सहा बैठकांनंतर फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहा. फरक नसेल तर डोस वाढवण्याआधी निदान पुन्हा तपासा.