फिनिशिंग केलेल्या काँक्रीटवर वाळू

20 एप्रिल 2023 ला टेक्सासच्या दक्षिण टोकाला, पोर्ट इसाबेल गावात, एका गोदामाच्या जमिनीचं काँक्रीट ओतलं जात होतं. चाचणीचे नमुने घ्यायला मी साइटवर होतो. बोका चिकाचा लाँच पॅड तिथून साधारण दहा किलोमीटर. स्पेसएक्स कंपनीचं स्टारशिप हे महाकाय रॉकेट पहिल्यांदाच पूर्ण जोडणीनिशी उडणार होतं, त्यामुळे 8:33 ला सगळ्यांनीच हातातलं काम थांबवलं. आधी नुसता उजेड आणि धुराळा दिसला. अर्ध्या मिनिटाने आवाज पोचला आणि मिक्सर ट्रकचे आरसे थरथरू लागले.

यान जेमतेम चार मिनिटं टिकलं. मग समुद्रावर त्याचा स्फोट झाला.

आम्ही पुन्हा कामाला लागलो, तोच टोपीवर बारीक काहीतरी पडू लागलं. नुकत्याच गुळगुळीत केलेल्या भागावर तपकिरी कण बसले होते. बोटांत चोळून पाहिले, तर वाळू. थापी फिरवून ती आत दाबली असती तर वरचा थर पुढे सुटला असता. म्हणून तो भाग खरवडायला लावला, बाकीच्यावर प्लास्टिक अंथरलं.

पॅडचे फोटो आले तेव्हा उलगडा झाला. यान ज्या चौथऱ्यावर उभं होतं त्याच्याखालचं उष्णतारोधक काँक्रीट उखडून मोठा खड्डा पडला होता, पायाच्या सळया उघड्या पडल्या होत्या. एवढ्या मोठ्या रॉकेटखाली सहसा ज्वाळा बाजूला वळवणारा खंदक असतो, पाण्याचा प्रचंड मारा असतो. इथे 33 पैकी चालू राहिलेल्या 30 इंजिनांचा झोत थेट काँक्रीटवर येत होता. एकदा भेगा पडल्या की गरम वायू आत घुसतो, खालची वाळू उडवतो आणि काँक्रीटची ढेपळंच्या ढेपळं भिरकावतो. त्यातली काही समुद्रात पडताना चित्रीकरणात स्पष्ट दिसतात.

फेब्रुवारीत 31 इंजिनं जागेवरच पेटवून पाहिली होती आणि तेव्हा काँक्रीट टिकलं होतं. पण ती चाचणी साधारण अर्ध्या जोराची होती. अर्ध्या भाराला उतरलेली तुळई पूर्ण भारही पेलेल, असं आमच्या धंद्यात कुणी सही करून देणार नाही.

अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने नंतर सांगितलं की ढिगारा 385 एकरांवर पसरला आणि राज्य उद्यानाची साडेतीन एकर जागा जळाली. मेलेले पक्षी सापडले नाहीत, पण हा चिखल्या पक्ष्यांचा आणि केम्प्स रिडले कासवांचा किनारा आहे, आणि एप्रिल हा कासवांच्या अंडी घालण्याचा काळ.

पुढे पाण्याचे फवारे सोडणाऱ्या पोलादी प्लेट बसवल्या आणि नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या उड्डाणात पॅड शाबूत राहिला. त्या प्लेटचं काम एप्रिलच्या आधीच सुरू झालं होतं, फक्त ते वेळेत संपलं नव्हतं. ते संपेपर्यंत उड्डाण थांबवायलाच हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.