आधी अडखळणं सांगायचं, मग नाव

जळगाव, रविवार रात्र

सेमिनार जवळ आले की तोतरं बोलणारी मुलं गैरहजर राहू लागतात. विषय पाठ असतो, स्लाइडही तयार असतात. धास्ती असते ती पहिल्या वाक्याची, कारण त्यात स्वतःचं नाव असतं. दुसरा कुठला शब्द अडला तर बदलून निसटता येतं; नाव कसं बदलणार?

म्हणून नावाच्या आधी हे सांगून टाकावं: "मी बोलताना अडकतो. थांबलो तर शब्द सुचवू नका, मी पूर्ण करतो." एवढंच. लहानपणीची हकीगत नको आणि 'माफ करा' तर अजिबात नको. माफी ऐकली की वर्ग अवघडतो आणि विषय सोडून तोंडाकडे बघू लागतो. हे वाक्य म्हणतानाच अडलं तरी बिघडत नाही, सांगायचं ते तिथेच कळतं.

लपवण्यानेच जास्त नुकसान होतं. शब्द अडतो तेव्हा ओठ, जीभ किंवा स्वरयंत्र आवळलेलं असतं. 'कुणाला कळू नये' म्हणून जोर लावला की ते आणखी आवळतं, मग डोळे मिटणं, पाय आपटणं सुरू होतं. त्यापेक्षा अडल्या जागी जोर सोडावा, पकड सैल करावी आणि तोच शब्द संथपणे बाहेर काढावा. सांगून झाल्यावर एखाद्या सोप्या शब्दावर मुद्दाम, सैलपणे अडखळायचं, असंही वाणी-उपचारात शिकवतात. पहिलं अडखळणं आपल्या मर्जीने झालं की पुढची भीती निम्मी होते.

एक चूक हमखास होते. अडखळतो हे सांगायचं आणि तरी शब्द बदलत राहायचं. 'केळीवरचा करपा' म्हणायचं टाळून 'पानांचा तो रोग' म्हटलं, तर परीक्षकाला वाटतं याला नावच माहीत नाही. तोंडी परीक्षेत गप्प राहणं म्हणजे उत्तर न येणं, असाच हिशेब असतो. म्हणून आत गेल्या गेल्या, पहिल्या प्रश्नाआधीच सांगावं. वेळेचं मात्र सरांशी आदल्या दिवशी बोलावं. दहा मिनिटांच्या सेमिनारला दोन-तीन मिनिटं जास्त मागणं म्हणजे सवलत मागणं नव्हे.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. घरी अहिराणी बोलणारं पोर वर्गात प्रमाण मराठी शब्द शोधताना थबकतं, आणि शिक्षक दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजतात. त्या पोराला शब्द सापडत नसतो. तोतरं बोलणाऱ्याचा शब्द तयार असतो, फक्त सुटत नाही. (वेखंड उगाळून जिभेला लावणाऱ्यांनाही सांगायला हवं, जिभेत काही बिघाड नसतो.)

सराव बंद खोलीत करून फारसा उपयोग नाही. एकट्याने किंवा कुणाबरोबर एका सुरात वाचताना बहुतेकांचं अडखळणं कमी होतं, आणि तयारी झाली असा भ्रम होतो. आधी एका मित्रासमोर, मग चार-पाच जणांसमोर, शेवटी त्याच वर्गात उभं राहून बोलावं. सांगायचं वाक्यही दर वेळी म्हणावं.

आणि मध्येच कुणी शब्द सुचवला, तर मान डोलवून पुढे जाऊ नये. तो बरोबर असला तरी आपला शब्द आपणच पूर्ण म्हणावा.