फ्रेमवर्क निवडताना आधी सर्वात अवघड स्क्रीन

रिअ‍ॅक्ट, व्ह्यू की अँग्युलर, यातलं कोणतं फ्रेमवर्क (वेब अ‍ॅप बांधायचा तयार सांगाडा) घ्यायचं, यावर आज अख्खी दुपार गेली. कामाची गोष्ट मात्र तासाभरात कळते. अ‍ॅपमधली सर्वात अवघड स्क्रीन घ्या, समजा ५,००० ओळींचं, जागेवर बदल करता येणारं टेबल. ते दोन फ्रेमवर्कमध्ये कच्चं बनवा आणि क्रोमच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू ६ पट मंद करून टाइप करून बघा. अक्षर उमटायला २०० मिलिसेकंदांहून जास्त लागले, तर दोष बहुधा फ्रेमवर्कचा नसतो. सगळ्या ओळी डॉममध्ये (ब्राउझर मेमरीत धरतो तो पानाचा आराखडा) कोंबलेल्या असतात. दिसतात तेवढ्या ३०-४० ओळीच रेंडर करा. आणि ओळीची ओळख पटवणारी 'की' (key) म्हणून इंडेक्स, म्हणजे ओळीचा क्रमांक, देऊ नका, मधली ओळ उडवली की तिच्यात टाइप केलेलं खालच्या ओळीत जाऊन बसतं!

मराठी अ‍ॅपसाठी आणखी एक. व्ह्यूचं व्ही-मॉडेल (इनपुटमधला मजकूर अ‍ॅपमधल्या व्हॅल्यूशी जोडणारी सोय) कीबोर्ड शब्द जुळवत असेपर्यंत व्हॅल्यू बदलत नाही. त्यामुळे अँड्रॉइडवर 'कोल्हापूर' टाइप केलं तरी स्पेस देईपर्यंत शोधयादी ढिम्म. उपाय सोपा: व्ही-मॉडेलऐवजी व्हॅल्यू वेगळी बांधा आणि इनपुट इव्हेंट (मजकूर बदलला की ब्राउझर देतो ती सूचना) स्वतः ऐका.

सपोर्ट किती दिवस, हेही बघाच. व्ह्यू २ चा ३१ डिसेंबर २०२३ ला संपला, तरी त्यावरची ट्यूटोरियल्स अजून फिरतायत.

अँग्युलरमध्ये राउटर (पत्त्यानुसार स्क्रीन बदलणारा भाग), फॉर्म्स सगळं घरचंच मिळतं. टीम मोठी असेल तर मी तेच घेईन. नुसत्या माहितीच्या चार पानांसाठी यातलं काहीच नको, साधं एचटीएमएल पुरे.