तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना एवढं खोदून कशाला विचारता?

इतिहासाच्या प्रोजेक्ट स्पर्धेला जज म्हणून बसले की हा प्रश्न ठरलेला. पालक विचारतात, शिक्षक विचारतात, परवा तर घरातूनच आला. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मला पोरांना रडवायची हौस नाहीये. पण एक मुलगा रडला होता, आणि सगळे बोट दाखवतात ते त्याच्याकडेच, तर तेच सांगते.

नववीतला मुलगा, विषय 1897 चा पुण्यातला प्लेग, डॉक्युमेंटरी. एडिटिंग एकदम झकास. गोरे सोल्जर घराघरात घुसतायत, 22 जूनची रात्र, प्लेग कमिशनर रँडवर गोळी, मागे धडधडणारं म्युझिक. आणि मध्येच एक फोटो, लांबलचक हॉल, ओळीने खाटा, खाली लिहिलेलं 'पुण्याचं प्लेग हॉस्पिटल'. आता तो फोटो 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा, अमेरिकेत कॅन्ससमधल्या कॅम्प फन्स्टन या लष्करी तळावरचा, लाखो वेळा फिरलेला. मी विचारलं, कुठून घेतलास? "गूगलवरून." मूळ कुठला? गप्प. म्हटलं खाटांवर कोण आहेत ते नीट बघ बरं. त्याने स्क्रीनजवळ जाऊन बघितलं, म्हणाला "हे तर सगळे गोरेच दिसतायत", आणि डोळे भरले.

विषय बदलावा म्हणून विचारलं, तू स्वतः बसून काय वाचलंस? तर पठ्ठ्याने 1897 चा साथरोग कायदा अख्खा वाचला होता! "मॅडम, मूळ कायद्यात चारच कलमं आहेत. चौथ्यात म्हटलंय की या कायद्याखाली चांगल्या हेतूने जे केलं त्याबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही. मग ज्यांच्या घरात सोल्जर घुसले त्यांनी जायचं कुठे?"

अरे, मग हे फिल्ममध्ये कुठंय? होतं, एका वाक्यात. बाकी सगळा वेळ गोळी आणि म्युझिकने खाल्ला.

मार्क ठरवताना माझे सहपरीक्षक म्हणाले, मार्क स्क्रीनवर आहे त्याला, नंतर तोंडी बोलला त्याला नाही. नियमाने बरोबरच होतं, तरी मी भांडले. नंबर काही आला नाही. बाहेर वडिलांनी गाठलं, "एका फोटोसाठी?"

एका फोटोसाठी नाही हो. ज्याला पुरावा म्हणून दाखवताय तो दुसऱ्या खंडातला, दुसऱ्या रोगाचा, 21 वर्षं नंतरचा निघाला तर बाकीच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि मी विचारलंच नसतं तर ते चौथं कलम तरी बाहेर आलं असतं का?

पण खरं सांगायचं तर वडिलांचा राग अगदीच गैर नव्हता. फोटोचा मूळ ठावठिकाणा कसा शोधायचा हे त्या पोराला कोणी शिकवलं होतं? आपण विषय देतो, तारीख देतो आणि मोकळे होतो. सुरुवातीला मी पण संदर्भसूची लांब दिसली की खूश व्हायचे, म्हणायचे आधी गोडी तर लागू दे, पुरावे बिरावे नंतर. त्या तेव्हाच्या 'मी'ला आता विचारावंसं वाटतं की बाई, नंतर म्हणजे कधी, पीएचडीला? तर ती उलट विचारते, आणि पोरगं पुढच्या वर्षी आलंच नाही तर? यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ती पण काही ऐकणारातली नाही.

मार्कांच्या फॉर्मवर चांगल्या प्रश्नासाठी वेगळा रकानाच नसतो. म्हणून शेऱ्याच्या जागेत मी लिहिलं, 'दाद मागायची कुठे, यावरच पुढची फिल्म कर.' सहपरीक्षकांनी वाचलं, खाली सही केली आणि मार्क होते तेवढेच ठेवले.