पॅडवर डागच तर होता

लेबर रूममधला माझा तिसरा महिना. वार (प्लासेंटा, बाळाला पोसणारा भाग) गर्भाशयात खाली असेल तर लालभडक रक्त जातं, पोट मऊ असतं, दुखत नाही. वार वेळेआधी सुटली तर रक्त काळपट आणि पोट दुखतं, हे तोंडपाठ होतं. परीक्षेत यावर चांगले मार्कही मिळवले होते.

रात्री 34 आठवड्यांची एक बाई आली. पोटात दुखत होतं, पॅडवर नाण्याएवढा डाग. बीपी 150/100, नाडी 116. मी ‘कळा सुरू, किंचित रक्तस्राव’ असं लिहिलं आणि दोन कळांमधलं अंतर मोजू लागले. अंतर काही सापडेना. माझंच मोजणं चुकतंय असं वाटून पीव्ही (योनीमार्गातून बोटांनी तपासणी) करायला ग्लोव्हज घेतले.

सिनियर सिस्टर ओरडल्याच. सोनोग्राफीत वार खाली नाही हे कळल्याशिवाय पीव्ही नाही; खालच्या वारेला बोट लागलं तर रक्ताचा लोंढा सुटू शकतो. हेही मला पाठ होतं बरं का!

मग त्यांनी माझा हात धरून बाईंच्या पोटावर ठेवला. लाकडासारखं कडक. कळ येते, ओसरते. हे ओसरतच नव्हतं. “पॅड काय बघतेस? वार सुटलीय, रक्त आत साठतंय.” बीपीनेही मला फसवलं होतं. मुळात बीपी वाढलेलं असेल तर बरंच रक्त जाऊनही आकडा ठीकच दिसतो. नाडी एवढी का पळतेय, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

पुढे सगळं भराभर झालं. डॉक्टरांना बोलावलं, बाईंना डाव्या कुशीवर घेतलं, शिरेत दोन जाड कॅन्युला (सलाईन-रक्तासाठी नळ्या), क्रॉसमॅच म्हणजे रक्त जुळवून ठेवणं. गर्भाशयाच्या वरच्या कडेला पेनाने रेघ मारली, ती कड वर सरकते का बघायला. साध्या काचेच्या ट्यूबमध्ये 5 मिली रक्त घेऊन घड्याळ लावलं; 7 मिनिटांत घट्ट गुठळी झाली नाही तर रक्त गोठण्यात बिघाड आहे असं धरायचं. झाली, नशीब. बाळाचे ठोके मात्र 100 पर्यंत खाली आले होते.

सोनोग्राफीत वार वरच होती, मागे रक्त काही दिसलं नाही. ताजं साठलेलं रक्त वारेसारखंच दिसतं, म्हणून डॉक्टर त्यावर थांबले नाहीत. सिझेरियन केलं तेव्हा वारेमागे मुठीपेक्षा मोठी गुठळी निघाली. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गेलं, पण रडून गेलं.

पहाटे केसपेपर पूर्ण करायला बसले. माझी ती ओळ तशीच ठेवली. खाली सिस्टरांनी हात ठेवला तेव्हाची वेळ टाकून लिहिलं: पोट कडक, सैल होत नाही.